सरकपट्टीखालचं नाव

धारच्या एका बाईंना मी चारचौघांत खोटं पाडलं. त्या खरं बोलत होत्या हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पण जे कळलेलं होतं तेही मी सांगितलं नाही. पुढे सगळं कळल्यावर मी त्यांच्याशीच पुन्हा एकदा खोटं बोललो. आता मला शहात्तर पूर्ण झाली. हात कापतात, सुईत दोरा जात नाही. लिहिता येतंय तोवर लिहून ठेवतो.

मी मूळचा सातारकडचा. देवासला आलो तो कारखान्यातल्या नोकरीसाठी, मेंटेनन्स खात्यात. तिथल्या एका साहेबांच्या बायकोचं शिलाई मशीन अडकलं होतं, ते मी रविवारी जाऊन सोडवून दिलं. मग कॉलनीतल्या सगळ्या मराठी घरांतून बोलावणी येऊ लागली. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा माझंही नाव त्यात होतं, पण तोवर हातात दुसरा धंदा आलेला होता. जुन्या, हातानं किंवा पायानं चालवायच्या मशीनची दुरुस्ती. देवास, उज्जैन, धार आणि बोलावलं तर पार डहीपर्यंत मी पिशवी घेऊन गेलेलो आहे.

जुनं मशीन ओळखायचं तर लोक आधी नंबर शोधतात. मी नंबर शेवटी बघायचो. आधी चाक हातात घ्यायचं आणि डोळे मिटून एक फेरा द्यायचा. चांगल्या मशीनचं चाक एका जागी जड आणि बाकी सगळीकडे हलकं लागतं. बिघडलेल्याचं जागोजागी अडखळतं. मग तेलाचा वास घ्यायचा. कोणी खोबरेल घातलेलं असेल तर आत गोंद झालेला असतो आणि तो रॉकेलनं सोडवायला दोन दिवस जातात. मग खालचा भाग बघायचा. फार जुन्या मशीनमध्ये गोल बॉबिन नसते, होडीच्या आकाराचा लांब धोटा असतो. एवढं झाल्यावर पाटावरचा, म्हणजे मशीनच्या सपाट बैठकीवरचा, नंबर वाचायचा. नंबराआधीच्या अक्षरावरून साल कळतं. त्याची एक वही मी इकडून तिकडून उतरवून केलेली होती.

किंमत सांगायची वेळ आली की मात्र मी सगळ्यात आधी सरकपट्टी बघायचो. सुईच्या शेजारी पाटात बसवलेली एक चपटी, चकचकीत पट्टी असते. ती सरकवली की खालचा धोटा दिसतो. ती सारखी काढावी-घालावी लागते, त्यामुळे हरवते, वाकते, आणि तिच्या जागी लोक बाजारातली नवी बसवतात. मूळची सरकपट्टी जागेवर असेल तर ते मशीन सांभाळलेलं आहे असं समजायचं. नव्या पट्टीची चमक पांढरी असते. जुनीची जरा पिवळसर, दुधावरच्या सायीसारखी. सांगितल्याशिवाय हा फरक कोणाला दिसत नाही.

त्या पट्टीवरूनच हे सगळं झालं.

माझं एक वेड होतं. एक काळं विलायती हातमशीन मला भंगारात नुसतं धूड म्हणून मिळालं होतं. ते मी मूळच्या भागांनीच पुरं करणार होतो. त्यात बाजारातला एक स्क्रूसुद्धा नको होता. ते विकायचं नव्हतं, कोणाला दाखवायचंही नव्हतं. आयुष्यात एक गोष्ट पुरी करावी असं वाटत होतं, एवढंच. बारा वर्षं मी त्याचे भाग गोळा करत होतो. शेवटी सरकपट्टी तेवढी राहिली होती.

आणि धारच्या त्या घरात मला अगदी तसंच मशीन दिसलं.

घर जुन्या दरबारी माणसांचं. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते; पुढची पिढी बँकेत, कॉलेजात. घरात दोन जावा. थोरल्या बाईंचे यजमान गेलेले, मूलबाळ नाही. धाकट्या बाईंचे यजमान कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, त्यांना एक मुलगा. मशीन थोरल्या बाईंच्या खोलीत होतं आणि त्यांनीच मला सर्व्हिसिंगला बोलावलं होतं. त्यांची मराठी ऐकून मी जरा संकोचून बसायचो. "आपण बसावं," "घाई नसेल तर जेवून जावं," असं त्या एका मिस्त्रीला म्हणत. आमच्या गावाकडेही असं बोलणारी माणसं मी लहानपणीच पाहिली होती, नंतर नाही.

त्यांच्या मशीनची सरकपट्टी मूळची होती. एका कोपऱ्यावर गंजाचे दोन ठिपके, बाकी स्वच्छ. मी म्हणालो, "बाई, ही जरा ढिली झालीय, पॉलिश करून आणतो." पुढच्या खेपेला मी बाजारातली नवी पट्टी घासूनपुसून बसवून दिली.

"किती चकचकीत झाली हो!" त्या म्हणाल्या. "आरशासारखी."

मी हो म्हणालो.

घरी येऊन जुनी पट्टी रॉकेलमध्ये टाकली. काढून पुसताना पाठीला बोटाला काही लागलं. पाठीमागे एक पोलादी पातं जोडलेलं असतं, त्याच्या शेजारी टिंबाटिंबांनी एक नाव ठोकलेलं होतं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसंच. मुलीचं नाव, चार अक्षरी. त्याखाली आडनाव नाही, साल नाही.

थोरल्या बाईंचं नाव मला ठाऊक होतं. पावतीवर मीच लिहिलं होतं. हे नाव ते नव्हतं. खरं सांगायचं तर ते वाचून मला हायसं वाटलं. म्हणजे हे मशीन त्यांनी कोणाकडून तरी जुनं घेतलेलं, पट्टी तिसऱ्याच कोणाची, तिचं नाव तरी कोणाला ठाऊक! मी ती पट्टी माझ्या मशीनवर बसवली. खाचेत इतकी बरोबर बसली की मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती हात पुसत आली, पाहिलं, आणि "झालं का एकदाचं?" म्हणून परत गेली.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मग एके दिवशी धारहून धाकट्या बाईंच्या यजमानांचा फोन आला. घर विकायचं ठरलं होतं. मुलगा नव्या वसाहतीत बंगला घेत होता, आणि थोरल्या बाई कन्नौदला आपल्या भाचीकडे राहायला जाणार होत्या. भांडी, फर्निचर, देव, सगळ्याची वाटणी शांतपणे झाली. थोरल्या बाईंनी काहीच मागितलं नाही, फक्त शिलाई मशीन मागितलं आणि तिथेच अडलं. धाकट्या बाई म्हणत होत्या, ते सासूबाईंचं, दरबारच्या शिवणखात्यातून आलेलं. थोरल्या म्हणत होत्या, ते माझ्या माहेरचं.

"तुम्ही त्यातले जाणकार," यजमान म्हणाले. "तुम्ही सांगाल ते आम्ही मानू."

मी फुगलो. कारखान्यात तीस वर्षांत मला कोणी असं म्हटलेलं नव्हतं. धुतलेला शर्ट घालून, नंबरांची वही घेऊन मी धारला गेलो.

दिवाणखान्यात मशीन मध्यभागी टेबलावर ठेवलेलं. एका बाजूला यजमान आणि धाकट्या बाई, दुसऱ्या बाजूला एका खुर्चीत थोरल्या बाई. मुलगा दाराला टेकून उभा.

"मिस्त्री, आधी चहा घ्या," यजमान म्हणाले. "मग न्याय करा."

मी नंबर वाचला, वही उघडली, साल सांगितलं.

"आणि वहिनींचं लग्न?" यजमानांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे या घरात वहिनी आल्या तेव्हा हे मशीन पंचवीस-तीस वर्षांचं जुनं! वहिनी, बाप लेकीला जुनं मशीन देतो होय?"

"नवं होतं असं मी कधी म्हटलं?" थोरल्या बाई म्हणाल्या. "महूच्या छावणीतून एक गोरं कुटुंब परत चाललं होतं, त्यांच्याकडून बाबांनी घेतलं. आईनं वापरलं, मग मला दिलं. माझ्यादेखत पट्टीच्या पाठीला माझं नाव घातलं."

"कुठाय नाव?" धाकट्या बाई म्हणाल्या. "तीनदा उलटी करून पाहिली. या घरात वरणाच्या वाटीवर नाव सापडतं, आणि एवढ्या मोठ्या मशीनवर सापडेना!"

मुलगा मध्ये पडला. पोरगा भला होता. "मम्मी, रुको ना. काका, सर्व्हिसिंग आपने की थी ना? पॉलिश केलं होतं म्हणे. नाव घासून गेलं असेल, हो सकता है क्या?"

तो मला वाट करून देत होता. "असेल," एवढं म्हणालो असतो तरी त्या बाई खोट्या पडल्या नसत्या. पण मग माझ्या हातून नाव पुसलं गेलं असं झालं असतं. जाणकार म्हणून बोलावलेल्या माणसानं एका बाईंची माहेरची खूण घासून टाकली, असं धारमध्ये झालं असतं. आणि माझ्या मनात ते दुसरंच नाव होतं. मी स्वतःशी म्हणालो, यांचं नाव त्यावर कधी नव्हतंच, मग मी कशाला माझ्यावर घेऊ?

"ठोकलेलं नाव पॉलिशनं जात नाही," मी म्हणालो. "घासून पट्टी पातळ होईल, पण टिंबं राहतात."

हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. आजही मी तेच सांगेन.

"झालं," यजमान म्हणाले. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. वयानं होतं असं. आपण एक ऐकतो, एक पाहतो, आणि मनात दोन्ही जोडून टाकतो."

थोरल्या बाई त्यांच्याकडे पाहतच नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या. "तुम्ही उघडलं होतं. तुमच्या पाहण्यात नाव आलं नाही?"

"नाही बाई."

"असं," त्या म्हणाल्या.

मग धाकट्या बाईंचं मन मोठं झालं. "न्या हो जाऊबाई, न्या. एवढा जीव आहे तर न्या. मी काय शिवत बसणाराय? माझ्याकडून भेट समजा."

"माझी वस्तू मला भेट कोण देणार?" थोरल्या बाई उठल्या. "राहू दे इथंच."

त्या मशीन न घेता कन्नौदला गेल्या. जाताना, मला नंतर कळलं, त्यांच्या दिरांनी शेजाऱ्यांना सांगितलं की वहिनींना हल्ली भास होतात. ही गोष्ट धारच्या मराठी घरांत पसरली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला, कोणाच्या तरी बारशाला, लोक हसून म्हणू लागले, "अहो, त्यांच्या माहेरची एकेक गोष्ट..." माणूस पन्नास वर्षं जिथे राहिला तिथे त्याच्यामागे एवढंच उरलं.

मी देवासच्या बसमध्ये खिडकीशी बसून स्वतःला पटवत आलो. नाव दुसरीचं होतं. मी पट्टी बदलल्याचं सांगितलं असतं तरी बाईंना काही फायदा नव्हता, उलट आणखी गोंधळ झाला असता. पटलंही. चौदा वर्षं पटलेलं राहिलं.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. सातारहून तिचे थोरले भाऊ आले, चौऱ्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत. दाराशी उभे राहिले आणि तिच्या फोटोकडे बघून एका नावानं हाक मारून रडायला लागले. मला क्षणभर कळेना, हे कोणासाठी रडताहेत. माझ्या सुनेनं मला हळूच विचारलं, "बाबा, मामाजी किसको बुला रहे हैं?"

मग मला आठवलं. ते तिचं माहेरचं नाव होतं. बदललेलं नाव मीच ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं. माझ्या आईनं ठरवलेलं. त्या दिवसापासून माझ्या घरात तिला जुन्या नावानं कोणी हाक मारली नाही, मीही नाही. आणि पन्नास वर्षांत मी ते इतकं विसरलो होतो की तिचा भाऊ रडला तेव्हा मला वाटलं म्हातारा दुसऱ्या कोणासाठी रडतोय.

पाहुणे गेल्यावर मी माझ्या मशीनपाशी गेलो. पट्टी काढली, उलटी केली. चार अक्षरं. लेकीला मशीन देताना बापानं त्यावर कोणतं नाव घातलं असेल? आपल्या माणसांत कोणतंही शेंबडं पोर हे सांगेल. मला बावीस वर्षं ती पट्टी हाताखाली असून सुचलं नव्हतं. का सुचलं नव्हतं तेही आता कळत होतं. मला न सुचण्यातच सोय होती.

तरी मी पाच महिने गेलो नाही. आधी उन्हाळा, मग गुडघा. मग एक दिवस पट्टी रुमालात गुंडाळली आणि कन्नौदची बस धरली.

भाचीचं घर धान्य बाजाराच्या मागच्या गल्लीत. दार तिनंच उघडलं. मी कोण ते सांगितलं, आणि आत येण्याआधीच विचारलं, "तुमच्या आत्यांचं माहेरचं नाव काय?"

तिनं सांगितलं. मी दारातल्या पायरीवर बसलो.

थोरल्या बाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. नजर जवळजवळ गेलेली, पण कान तीक्ष्ण. मी सगळं सांगितलं. पट्टी का काढली, नवी कोणती बसवली, त्या दिवशी का गप्प राहिलो. मी पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटी केली आणि अंगठा फिरवला.

"शेवटचा काना तिरका आहे," त्या म्हणाल्या. "आहे ना?"

"आहे."

"नाव घालणारा तयार नव्हता. पोलादावर छिन्नी मोडते म्हणाला. बाबांनी घरची छिन्नी नेली. आई म्हणत होती, सासरचं नाव घाला, उगीच घोळ होईल. बाबा म्हणाले, अगं, सासरचं नाव अजून ठरलंय कुठं!" त्या थोडं हसल्या. "घोळ झालाच."

"त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही, की नाव माहेरचं आहे?"

"मी म्हटलं ना, माझं नाव. मला माझं तेच नाव. कोणतं म्हणून कोणी विचारलंय कुठं?"

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "मला कशाला सांगता हे? मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांगा. ही पट्टी घेऊन जा, जागेवर बसवा, आणि धाकटीला दाखवा. मला आता मशीन काय करायचंय! मला भास झालेला नव्हता, एवढं तिनं तिच्या तोंडानं म्हणावं. फोनवर म्हटलं तरी चालेल."

मी त्याच आठवड्यात धारला गेलो. यजमान वारलेले. बंगला तिरल्याच्या वाटेवर, नव्या वसाहतीत. मुलाचे केस पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं, मिठी मारली. धाकट्या बाई सोफ्यावर बसल्या होत्या, हातात जपमाळ. मशीन हॉलच्या कोपऱ्यात होतं. मी ते आधी ओळखलंच नाही. घरच्या सुनेनं मोबाइलवर कुठेतरी बघून ते सोनेरी रंगवलं होतं आणि चाकावर एक वेल सोडला होता.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पट्टी धाकट्या बाईंच्या पुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली नाही. सुनेनं वाकून वाचलं.

"ये किसका नाम है, मम्मीजी?"

"कोणास ठाऊक," धाकट्या बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तेव्हा जाणकार तुम्ही. आता साक्षीदार तुम्ही. आणि पट्टीही तुमच्याच खिशातली. नाव काय, कोणीही ठोकून आणील. तुम्हाला कन्नौदवाल्यांनी पाठवलंय का?"

"त्यांचं माहेरचं नाव आहे हे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मी या घरात आले तेव्हा त्या जाऊबाई होत्या. मी काय त्यांची जनमपत्री बघायला जाणार होते?"

"काका, बैठो तो सही," मुलगा म्हणाला. "इतनी सी बात के लिए आप देवास से आए? फोन करायचा ना. आता इतक्या वर्षांनी काय फरक पडतो?"

मी म्हणालो, पट्टी बसवून दाखवतो. जुन्या खाचेत जुनी पट्टी कशी बसते ते जाणकाराला कळतं. मी वेल बाजूला केला आणि खाली बसलो. नवी पट्टी रंगानं चिकटलेली होती. ती उचकटून काढली. तिच्या खाचेतही रंग ओतलेला, जाड, सुकलेला. जुनी पट्टी अर्धं बोटभर गेली आणि अडकली. मी पिशवीतून पेचकस काढून खाच खरवडायला लागलो.

"अंकल, प्लीज़, खुरचना मत," सून म्हणाली. "पूरा पेंट निकल जाएगा."

मी थांबलो. त्या मशीनवर माझा हक्क नव्हताच. पट्टी रुमालात ठेवली. निघताना धाकट्या बाईंना म्हणालो, "मशीनचं राहू द्या. त्यांना एक फोन करा. भास नव्हता, एवढंच म्हणा."

त्यांनी माळेचा एक मणी ओढला. "बघू," म्हणाल्या.

आपल्या माणसांत 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. स्थळाला 'बघू' म्हटलं की मुलीचा बाप दुसरं स्थळ शोधायला लागतो.

मी देवासला पोहोचलो आणि अर्ध्या तासात भाचीचा फोन आला. "काका, आत्या विचारतेय, काय झालं?" आणि लगेच फोनवर थोरल्या बाईंचा आवाज. "काय म्हणाली?"

मी थकलेलो होतो. गुडघा ठणकत होता. तो आवाज इतका पुढे झुकलेला होता की मला खरं सांगवेना.

"मानलं त्यांनी," मी म्हणालो. "फोन करतील म्हणाल्या."

"म्हणाली? तिच्या तोंडानं?"

"हो."

मग म्हणाल्या, "बरं. जेवून घ्या हो. प्रवास झालाय."

मला वाटलं, चांगलं केलं. सत्याऐंशी वर्षांची बाई, डोळे गेलेले. एवढं समाधान घेऊन गेली तर कोणाचं काय बिघडलं? दोन-तीन महिने मी त्या फोनचा विचारही केला नाही. दिवाळीत भाचीला शुभेच्छा द्यायला फोन केला तेव्हा ती हळू आवाजात बोलली.

"काका, धारहून फोन कधी येणार? आत्यानं माझा मोबाइल स्वतःपाशीच घेतलाय. आंघोळीला जाताना माझ्या हातात देते, वाजला तर उचल म्हणते. माझे फोनसुद्धा दोन मिनिटांत आटपायला लावते. लाइन मोकळी ठेव म्हणते."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. मग मी धाकट्या बाईंच्या मुलाला तीनदा फोन केला. पहिल्यांदा "मम्मी की तबीयत ठीक नहीं," दुसऱ्यांदा "बात करता हूँ, काका," तिसऱ्यांदा उचलला नाही. संक्रांत गेली. होळी गेली. शेवटी मी पुन्हा कन्नौदची बस धरली.

थोरल्या बाई त्याच पलंगावर होत्या. उशाशी मोबाइल, त्याच्यावर एक हात. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "या. ती आजारी-बिजारी आहे का हो? कळवलं असतं नाहीतर."

"बाई, त्यांनी मानलं नाही," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. मी फोन करा म्हणालो, तर 'बघू' म्हणाल्या."

भाची चहाचे कप घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली.

"'बघू' म्हणाली?"

"हो."

"मग तसंच सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तिचं 'बघू' मी चाळीस वर्षं ऐकलंय. मला कळलं असतं. त्या दिवशीच पान उलटलं असतं मी." मग म्हणाल्या, "आठ महिने मी बसून ठरवतेय, तिचा फोन आला की काय बोलायचं. रागानं बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. तिलाही आता कोण आहे! तिच्या गुडघ्याचं विचारायचं ठरवलं होतं."

मी पट्टी रुमालातून काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती चाचपून बघितली नाही. मला माफ करा असं मी या खेपेला म्हटलं, आणि या खेपेला त्यांनी हात वर केला नाही. माफ केलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही, आणि विचारायचा माझा अधिकार नाही.

चहा निवला. मग त्यांनी मोबाइल उचलून भाचीच्या दिशेनं धरला.

"हा आत ठेव," त्या म्हणाल्या. "तुझा तू वापर. मला नको आता."

भाची तो स्वयंपाकघरात घेऊन गेली. थोड्या वेळानं तो आत वाजला. बाईंनी मान वळवली नाही. भाची कोणाशी तरी गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलत होती, आणि आज पहिल्यांदाच ती घाईनं बोलत नव्हती.